मान खाली घालून पाहिलेले

आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरात गेले आठ महिने एक निळी फाईल हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून आईच्या खाटेजवळ अशी फिरते आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी माझ्याकडे राहते, आणि तिच्यासाठी आलेल्या स्थळांचे बायोडेटा त्या फाईलमध्ये लावलेले आहेत. प्रत्येक कागदावर गणपतीचे चित्र, त्याखाली नाव, जन्मवेळ, रास, नाड, देवक, उंची, वर्ण, शिक्षण, पगार, शेती किती, स्वतःचे घर आहे का, मामांचे आडनाव आणि गाव, आणि अगदी तळाशी ‘अपेक्षा’ नावाची एक ओळ असते. त्या ओळीत बहुतेकांनी ‘अनुरूप’ एवढा एकच शब्द लिहिलेला आहे. भाचीच्या बायोडेटातही तोच शब्द आहे. तो तिने लिहिलेला नाही, तिच्या वडिलांनी लिहिला आहे.

मी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. प्राणी जोडीदार कसा निवडतात हा भाग मी दरवर्षी रंगून शिकवत असे, आणि तरीही ही फाईल चाळायला लागेपर्यंत मला आपल्या बोलण्यातली एक गोष्ट नीट ऐकू आली नव्हती. मुलाकडून ‘मुलगी पसंत आहे’ असा निरोप येतो. मुलीकडून मात्र ‘आमची काही हरकत नाही’ असे कळवले जाते. पसंती एका बाजूची आणि हरकत नसणे दुसऱ्या बाजूचे, अशी वाटणी आपण भाषेतच करून ठेवली आहे. मोराच्या बाबतीत विज्ञानानेही बराच काळ अशीच वाटणी केली होती, आणि ती चुकीची ठरली.

मोराचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना शिवाजी विद्यापीठाच्या आवारात नेऊन दाखवत असे. मृगाच्या आसपास पहिले पाऊस झाले की त्या माळावर मोरांचे ओरडणे सुरू होते आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांना पिसारा फुलवलेले मोर आजही दिसतात. पिसारा म्हणजे मोराची शेपटी असे आपण समजतो, पण ती शेपटीच्या वरची, तिला झाकणारी लांब पिसे असतात. खरी शेपटी आखूड असते आणि पिसाऱ्याला मागून आधार देते. एवढे ओझे घेऊन उडणे अवघड आणि लपणे त्याहून अवघड. जगण्याच्या झुंजीत उपयोगी ते टिकते, असे १८५९ साली मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनला या पिसाऱ्याने फार छळले. मोराचे पीस पाहिले की मला मळमळते, असे त्याने एप्रिल १८६० मध्ये आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिले. त्याचे उत्तर त्याला १८७१ पर्यंत सापडले होते. नराचा पिसारा लांडोरीच्या नजरेने घडवला, असे ते उत्तर होते. पिढ्यान्‌पिढ्या लांडोरींनी ज्यांना निवडले त्यांची पिल्ले झाली, ज्यांना नाकारले त्यांचा वंश तिथेच थांबला, आणि मादीची आवड हळूहळू नराच्या अंगावर उमटत गेली.

नैसर्गिक निवडीचा विचार डार्विनच्या बरोबरीने स्वतंत्रपणे मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेससुद्धा हे मान्य करायला तयार नव्हता. पक्ष्याच्या मादीला सौंदर्याची पारख असेल आणि त्या पारखीत एवढे सामर्थ्य असेल, हे त्याला पटले नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हा विचार अडगळीत पडून राहिला. नर नरांशी झुंजतात, हे सर्वांना दिसत होते आणि पटतही होते. मादी शांतपणे उभी राहून पाहते, आणि तिचे ते पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, हे मात्र कोणाला मोजावेसे वाटले नाही. १९४८ साली अँगस बेटमन याने फळमाशांवर प्रयोग करून, नराला जितक्या जास्त माद्या तितकी जास्त संतती, मादीला मात्र त्याचा तसा लाभ नाही, असा निष्कर्ष काढला, आणि उतावीळ नर व संकोची मादी हे चित्र पाठ्यपुस्तकांत पक्के झाले. मीही ते तसेच शिकवले. २०१२ साली पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ज्या व्यंगांवरून पिल्लांचे आई-बाप ओळखायचे, त्या व्यंगांमुळेच काही पिल्ले आधीच मरत होती आणि हिशेब चुकत होता, हे उघड झाले. त्याआधी कितीतरी वर्षे, १९७० च्या दशकात, सारा हर्डी ही अमेरिकी अभ्यासक राजस्थानात अबूच्या डोंगरावर वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होती. तिला तिथल्या माद्या आपली टोळी सोडून परक्या नरांकडे आपणहून जाताना दिसल्या. संकोच नव्हता आणि वाट पाहणेही नव्हते. अबूच्या देवळात येणाऱ्या भाविकांनी ते दृश्य पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असेल, पण ते पाहून काही समजायला तशी अपेक्षा ठेवणारे डोळे लागले.

आपल्या सुगरणीचे तर नावच उलटे पडले आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारा खोपा आपण सुगरणीचा म्हणतो आणि तो विणणारा असतो नर. तो खोपा अर्ध्यावर, टोपीच्या आकाराचा झाला की थांबतो. मग मादी येते, आत बसून पाहते, चोचीने ओढून पाहते, आणि तिला पटले तरच तो पुढची नळी विणून खोपा पुरा करतो. न पटलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. मुलीकडची मंडळी घर पाहायला जातात, विहिरीला पाणी किती आहे आणि मोरीला दार आहे का ते पाहून येतात, तेव्हा मला दर वेळी हे खोपे आठवतात. फरक एवढाच की आपल्याकडे घर पाहायला मुलीचे वडील, काका आणि मामा जातात, मुलगी जात नाही.

निवड कोणी करावी, याचे कारण रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ साली मांडले. अपत्यासाठी ज्याला जास्त द्यावे लागते तो निवडीत जास्त चोखंदळ असतो, आणि ज्याला कमी द्यावे लागते तो एकमेकांशी स्पर्धा करतो. बाईला नऊ महिने पोटात, मग अंगावरचे दूध, आणि चूक झाली तर तिची किंमत तिच्या देहाने फेडायची. म्हणून तिने पारखून घ्यावे हे ओघानेच येते. पण माणसाचे मूल इतके दिवस परावलंबी असते की बापालाही फार द्यावे लागते, आणि म्हणून मनुष्यजातीत पुरुषही चोखंदळ असतो. माणसात दोन्ही बाजू निवडतात. एवढे समजल्यावर पाहण्याच्या कार्यक्रमात एकाच बाजूला पाहण्याचा हक्क का दिला गेला, याचे उत्तर जीवशास्त्रात शोधणे मी सोडून दिले.

१९८८ सालची गोष्ट. माझी एम.एस्सी. झाली होती आणि शेजारच्या तालुक्यातून एक स्थळ आले होते. सात माणसे आली. मला दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितले, सुईत दोरा ओवायला सांगितला, आणि मग एका गृहस्थांनी केस मोकळे सोडायला सांगितले. वडिलांनी मान खाली घातली ती मला अजून दिसते. मी केस सोडले. चौथ्या दिवशी निरोप आला की मुलीची उंची थोडी कमी पडते. मला त्या मुलाचा चेहरा त्या दिवशीही नीट दिसला नव्हता, त्यामुळे मला तो आवडला असता की नाही हे मला कधीच कळणार नाही. नकाराचे दुःख वर्षभरात निवले. मला कोणी विचारले नव्हते, याचे मात्र आजही वाईट वाटते.

पुढे दोन वर्षांनी मी ज्यांच्याशी लग्न केले त्यांना मी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात, समोरच्या टेबलावर, दीड वर्ष पाहत होते. त्याआधी कोणी विचारले असते तर माझ्या यादीत उंची पहिली असती. ते माझ्याएवढेच उंच होते आणि ही गोष्ट लग्नाचे फोटो हातात येईपर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती. यादी आणि ओढ यांचा संबंध किती सैल असतो, हे पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ साली तपासून दाखवले. त्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठातील मुलामुलींना आधी जोडीदारात काय हवे ते विचारले. मुलांनी रूप जास्त सांगितले, मुलींनी कमाईची शक्यता जास्त सांगितली. मग त्यांना एकेकाशी चार-चार मिनिटे समोरासमोर बोलू दिले. कोणाला प्रत्यक्षात कोण आवडले, याचा आधी सांगितलेल्या अपेक्षांशी काही मेळ लागला नाही, आणि रूप व कमाई या दोन गोष्टींचे वजनही मुलामुलींत सारखेच निघाले. आपल्या फाईलमधल्या कागदांवर अपेक्षेची ओळ सगळ्यांत शेवटी असते, याचे मला आता फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की कागदानंतरची ती चार मिनिटे आपण अजून सात माणसांच्या देखत देतो.

तरीही सांगितलेल्या अपेक्षांना अर्थ नसतो असे मी म्हणणार नाही, कारण माणसे त्याच अपेक्षांच्या चाळणीतून कोणाला भेटायचे हे ठरवतात. डेव्हिड बस यांनी १९८९ साली ३७ संस्कृतींतल्या १०,०४७ लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतही होता. जवळजवळ सर्वत्र पुरुषांनी तारुण्य आणि रूप यांना अधिक महत्त्व दिले आणि स्त्रियांनी कमाईच्या क्षमतेला. या अभ्यासाचा एवढाच भाग लोकांच्या तोंडी राहिला आहे. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या, दोघांच्याही यादीत समजूतदार, मायाळू स्वभाव आणि बुद्धी या गोष्टी रूप आणि पैशाच्या वर होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. शिवाय लग्नाआधीच्या शुचितेला भारत, चीन आणि इराण येथे फार महत्त्व मिळाले आणि उत्तर युरोपातल्या देशांत जवळजवळ मिळाले नाही. एकच मनुष्यजात एका मुद्द्यावर इतकी वेगवेगळी उत्तरे देत असेल, तर प्रत्येक आवड आदिमानवापासून चालत आली आहे असे म्हणताना आपण जरा थांबले पाहिजे.

कमाईच्या मुद्द्यावर मला माझ्या जिल्ह्यातून एक गोष्ट सांगायची आहे. ॲलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी १९९९ साली त्याच ३७ संस्कृतींची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा ज्या समाजात स्त्री-पुरुषांची स्थिती अधिक समान, तिथे अपेक्षांमधला हा फरक कमी होतो असे त्यांना दिसले. या निष्कर्षावर पुढे वाद झाले आणि ते अजून चालू आहेत. मला तो पटतो, कारण मी बहिणींना हक्कसोडपत्रावर सह्या करताना पाहिले आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे. कायद्याने तिचे नाव सातबाऱ्यावर लागते, आणि मग रक्षाबंधनाच्या नाहीतर भाऊबीजेच्या आसपास, माहेर तुटू नये म्हणून, ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन ते स्वतःच्या सहीने काढून टाकते. जिच्या पायाखालची जमीन अशी निघून जाते तिने नवऱ्याची जमीन आणि पगार विचारला, तर त्यात आदिम ते किती आणि व्यवहारातले शहाणपण किती, हे वेगळे काढणे मला तरी जमत नाही. ‘मुली पैशाला भाळतात, तो निसर्गच आहे’ असे जेव्हा एखादा सुशिक्षित माणूस उत्क्रांतीचे नाव घेऊन म्हणतो, तेव्हा मला राग येतो. ज्या शास्त्राने मादीच्या नजरेला तिचे स्थान परत दिले, त्याच शास्त्राचा हात धरून बाईचा अपमान करणे हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे.

निळ्या फाईलमध्ये एक गोष्ट आकड्यांची आहे आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. फाईल जाड आहे. माझ्या वेळी वडिलांना स्थळांसाठी चपला झिजवाव्या लागल्या, आणि आता भाचीसाठी स्थळे आपणहून येतात. त्यांत चांगली ऊसशेती, ट्रॅक्टर, बंगला असलेली बत्तीस-चौतीस वर्षांची मुलेही आहेत, आणि ‘मुलीकडून काही नको, लग्न आम्ही करून देतो’ असे त्यांचे वडील फोनवर सांगतात. मुली शिकल्या, त्यांना शहर हवे, शेतकरी नवरा नको, ही कारणे खरी आहेत. पण आणखी एक कारण आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्या वेळी मोजलेली ती मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. आज माझ्या हातात जी फाईल जाड झाली आहे ती तेव्हा न जन्मलेल्या मुलींमुळे जाड झाली आहे.

मुलगे आणि मुली निसर्गात जवळजवळ सारख्या संख्येने का जन्मतात, याचे फार सुंदर स्पष्टीकरण रोनाल्ड फिशर यांनी १९३० साली दिले. मुली कमी पडल्या तर प्रत्येक मुलीला जोडीदार मिळण्याची खात्री वाढते, म्हणजे ज्यांना मुली होतात त्यांना नातवंडे जास्त, आणि काही पिढ्यांत पारडे पुन्हा सरळ होते. आपण ते पारडे यंत्राने दाबून धरले. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला, आणि त्यानंतरच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचा हा आकडा आहे. कोल्हापूर हे विधवाविवाहाचा कायदा १९१७ साली करणाऱ्या शाहू महाराजांचे गाव आहे, म्हणून तो आकडा इथे अधिक लागतो. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांचा भाव वाढला, असे काही लोक समाधानाने म्हणतात. मला त्यात समाधान वाटत नाही. भाव वस्तूचा वाढतो. मागणी वाढली म्हणून मुलीला कोणी विचारू लागले, असे मी तरी अजून पाहिलेले नाही. अनेक घरांत उलट तिच्यावरची नजर कडक झाली आहे.

आई-वडिलांनी जोडीदार निवडणे ही आपल्याच देशाची रीत आहे असेही नाही. शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या समाजांचा अभ्यास करणाऱ्यांना तिथेही लग्ने बहुतांशी वडीलधारे ठरवतात असे दिसले. ट्रिव्हर्स यांनीच १९७४ साली दाखवले की आई-बाप आणि मूल यांचे हित पुष्कळसे एक असले तरी पूर्ण एक नसते. आई-वडील घराणे, जमीन आणि सोयरीक पाहतात, कारण त्यांना नात्याचा फायदा हवा असतो. ज्याला त्या माणसाच्या शेजारी झोपायचे आणि उठायचे आहे, तो आवाज, हसू आणि स्वभाव पाहतो. म्हणजे हे भांडण फार जुने आहे, आणि भाची तिच्या वडिलांशी फोनवर तासभर वाद घालते तेव्हा त्यात दोघांचेही प्रेम खोटे नसते.

लांडोर नेमके काय पाहते, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. मॅरियन पेट्री यांना १९९१ साली इंग्लंडमध्ये, पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोरांना लांडोरी अधिक मिळतात असे आढळले. जपानमध्ये मारिको ताकाहाशी यांनी सात वर्षे निरीक्षण केले आणि २००८ साली, असा काही संबंध दिसत नाही, असे सांगितले. मग २०१३ मध्ये जेसिका यॉर्झिन्स्की यांनी लांडोरीच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून तिची नजर कुठे जाते तेच टिपले. जवळ उभी असलेली लांडोर मोराकडे पाहत असे तेव्हा तिची नजर बहुतेक वेळ पिसाऱ्याच्या खालच्या भागावर फिरत होती. मोराचे डोके आणि वर उभारलेली पिसे, ज्यांचे आपण फोटो काढतो, त्यांच्याकडे तिने क्वचितच पाहिले.

गेल्या महिन्यात एका रात्री वीज गेली होती आणि आम्ही तिघी आईच्या खोलीत बसलो होतो. भाचीने हे लांडोरीचे माझ्याकडून ऐकले आणि आईला विचारले, “आजी, तू आजोबांना लग्नाआधी पाहिलं होतंस का गं?”

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, “मी काय बघणार? मान वर करायची नाही म्हणून बजावलेलं.”

तिचे माहेर कागल तालुक्यातले. पाहायला आलेली मंडळी सोप्यात बसली होती आणि त्यांत तीन तरुण होते. मुलगा कोणता, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पोह्यांच्या बशा देताना तिला फक्त पाय दिसले. मंडळी निघाली तेव्हा उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग होता आणि जो तो आपापल्या चपला शोधत होता. बरोबर एक म्हातारे चुलते होते, पाय सुजलेले, त्यांना वाकता येत नव्हते. एक तरुण वाकला, त्याने त्यांच्या चपला ढिगातून काढून, फिरवून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या, आणि म्हाताऱ्याचा पाय आत जाईपर्यंत पट्टा हाताने धरून ठेवला. त्याच्या डाव्या घोट्यावर कोयत्याचा जुना व्रण होता. आईने रात्री भांडी घासताना थोरल्या वहिनीला एवढेच सांगितले, की चपला सरळ केल्या तो असला तर हो म्हणा. वहिनीने पुढे ते कोणाच्या कानावर घातले की नाही, हे तिला आजही ठाऊक नाही.

“मग कधी कळलं?” भाचीने विचारले.

“अंतरपाट धरला तेव्हा. तोंड दिसत नाही, पण खालनं पाय दिसतात. व्रण दिसला.”

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “आणि तो नसता तर?”

“तर काय,” आई म्हणाली, “मला कोण विचारणार होतं?”

वीज आली तेव्हा आई झोपली होती. निळी फाईल तिच्या उशाशी होती, ती भाचीने उचलून आपल्या खोलीत नेली, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे.